पाटीपेक्षा पोट पाहा : जुन्या पेडल स्टील गिटारींची ओळख आणि संग्रह

जुनी पेडल स्टील गिटार ओळखायची असेल तर आधी ती उलटी करावी लागते. समोरच्या बाजूला कंपनीचे नाव असते, चकचकीत मेपलचे लाकूड असते, शिंपल्याचे जडणकाम असलेली पट्टी असते. पण नावाची पाटी बदलता येते, लाकूड पुन्हा पॉलिश करता येते. खालच्या बाजूला सळया, आडवे आस, खटके आणि स्प्रिंगा यांचे जे जाळे असते, त्यात अशी लबाडी करणे फार अवघड. ते पाहून वाद्य कोणत्या हाताने घडवले, साधारण कोणत्या काळात घडवले आणि नंतर त्यात कोणी काय बदल केले, हे तिन्ही कळू शकते. बाजारात मात्र आजही भाव ठरतो तो प्रामुख्याने नावावर. या विसंगतीमुळे चांगल्या, वेगळ्या घडणीच्या कितीतरी गिटारी दुर्लक्षित राहिल्या आणि सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. म्हणून या संग्रहाच्या प्रश्नाकडे नावांच्या यादीतून न पाहता यंत्रणेच्या अंगाने पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

मराठी वाचकाला या वाद्याची सावत्र बहीण चांगली ठाऊक आहे. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर हिंदी चित्रपटगीते ज्या ‘हवाइयन गिटार’वर वाजली, ती मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची गिटार. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत आणले आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने ती वाजली. आपल्याकडे ती पेडलशिवायच राहिली, आणि त्याचे कारण उघड आहे. आपल्याला एका सुरातून दुसऱ्या सुरात जाणारी मींड हवी असते, ती कांडीने मिळते. अमेरिकेतल्या वादकाला एकाच वेळी तीन-चार सूर वाजवून त्यांतला एखादाच हलवायचा होता. त्यासाठी कांडी पुरत नाही, कारण ती सरकवली की सगळ्याच तारा एकदम चढतात.

हे थोडे उलगडून सांगतो. आजच्या रूढ ‘ई नाइन’ जुळणीत ई हा सूर सा मानला, तर तारांवर सा-ग-प मिळतात. डाव्या पायाने पहिले पेडल दाबले की प चढून ध होतो, दुसरे दाबले की ग चढून म होतो. दोन्ही एकदम दाबली की सा जागच्या जागी राहतो आणि सा-ग-प चे सा-म-ध होते. हा बदल सूर वाजत असताना, डोळ्यांसमोर उमलावा तसा घडतो. पेडल स्टीलचा हुंदका म्हणून जो आवाज ओळखला जातो, तो यातून येतो. पेडल खालून एका उभ्या सळईने आडवा आस फिरवते, आसावरचा खटका दुसरी सळई ओढतो, आणि ती सळई उजव्या टोकाच्या ‘चेंजर’मधले ॲल्युमिनियमचे बोट हलवते. तार या बोटावरून गेलेली असते. डाव्या पायाने पेडल्स, दोन्ही गुडघ्यांनी आडव्या तरफा म्हणजे नी-लिव्हर, उजव्या पायाखाली आवाजाचे वेगळे पेडल, डाव्या हातात कांडी आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या, असा सर्वांगाने वाजवायचा हा प्रकार आहे. कोणते पेडल कोणती तार किती चढवते वा उतरवते, या मांडणीला वादक ‘कोपेडंट’ म्हणतात. संग्राहकाने हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

मूळ स्टील गिटार हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर पोलाद सरकवून वाजवण्याच्या या पद्धतीचे श्रेय जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईचे संगीत गाजले आणि अमेरिकाभर त्याची लाट आली. १९३१-३२ मध्ये जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी ‘फ्राइंग पॅन’ नावाने ओळखली जाणारी विजेची गिटार आणली. तीसुद्धा मांडीवरची स्टील गिटारच होती. मग वादकांना वेगवेगळ्या जुळण्यांची गरज भासू लागली, तेव्हा एकाच पेटीवर दोन, तीन, चार गळे बसवले जाऊ लागले. प्रत्येक गळ्याला वेगळी जुळणी. वाद्य जड होत गेले आणि तरीही प्रश्न सुटेना. पेडल हा त्यावरचा उपाय होता.

पहिल्या पिढीतल्या दोन गिटारी संग्राहकाने ओळखायलाच हव्यात. गिब्सनची ‘इलेक्ट्राहार्प’ १९४०च्या आसपास बाजारात आली. तिची पेडल्स डावीकडच्या मागच्या पायापाशी एका आसावर तिरकी पसरलेली असतात. ही एकच खूण लांबूनही दिसते. दुसरी इंडियानापोलिसच्या हार्लिन ब्रदर्सची ‘मल्टी-कॉर्ड’. ती विद्यार्थी आणि हौशी वादकांच्या घरांत मोठ्या प्रमाणावर पोहोचली. आजही स्वस्तात मिळते आणि बहुतेक वादक तिला नाक मुरडतात. माझ्या मते संग्रहाची सुरुवात करणाऱ्याने तिला जरूर घ्यावे. पेडल ही कल्पना कारखान्यात तयार होऊन सामान्य घरात आली तेव्हा ती कशी दिसत होती, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणतेही वाद्य सांगत नाही.

पेडल्सना आजची जागा दिली ती पॉल बिग्सबीने. समोरच्या दोन पायांच्या मध्ये आडवी पट्टी आणि तिच्यावर ओळीने पेडल्स ही मांडणी त्याची. कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावचा हा माणूस मोटारसायकलच्या कारखान्यात फोरमन होता, स्वतः शर्यतीही खेळायचा. धातू ओतणे, कातणे, जोडणे यात त्याचा हात बसलेला. १९४८ मध्ये त्याने स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी तीन गळ्यांची पेडल स्टील गिटार बनवली. बिग्सबीने मोजक्याच गिटारी घडवल्या, बहुतेक नामवंत वादकांच्या मागणीवरून. बर्ड्‌स-आय मेपलचे ठिपकेदार लाकूड, स्वतः ओतलेले ॲल्युमिनियमचे भाग, स्वतः गुंडाळलेले पिकअप आणि समोर मोठ्या अक्षरांत वादकाचे नाव. त्याच्या वाद्यांवरचा क्रमांक म्हणजे तारीखच असते. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिससाठी केलेल्या प्रसिद्ध गिटारवर ५२५४८ असा आकडा आहे, तो २५ मे १९४८ असा वाचायचा. आधी महिना, मग दिवस, शेवटी वर्ष. इतकी सरळ नोंद या क्षेत्रात क्वचितच दिसते. अँडी बाबियूक यांनी बिग्सबीवर पुस्तक लिहिल्यामुळे या गिटारींचा माग काढणेही सोपे झाले. पुढे त्याचे नाव व्हायब्रॅटोच्या टेलपीसमुळे जगभर झाले, आणि मूळ कर्तृत्व मात्र मागे पडले. अस्सल बिग्सबी पेडल स्टील सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. पण तिची छायाचित्रे, विशेषतः खालच्या बाजूची, प्रत्येकाने अभ्यासावीत, कारण नंतरच्या जवळजवळ सगळ्यांनी सुरुवात तिथूनच केली.

मग ‘स्लोली’ आले. गायक वेब पिअर्सच्या या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने बिग्सबी गिटारवर सूर वाजत असतानाच पेडल दाबले आणि दोन सूर एकमेकांतून सरकत गेले. १९५४ मध्ये हे गाणे कंट्री संगीताच्या यादीत आठवड्यांमागून आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. तोवर पेडल हे प्रामुख्याने जुळणी बदलण्याचे साधन होते. आधी दाबायचे, मग वाजवायचे. या एका गाण्यानंतर पेडलचा उपयोगच बदलला. संग्राहकासाठी ही रेषा महत्त्वाची आहे. १९५४च्या आधीच्या बहुतेक यंत्रणा जुळणी बदलण्यासाठी बनलेल्या होत्या. त्यांची पेडल्स जड लागतात, त्यांचा प्रवास लांब असतो, आणि वाजवता वाजवता दाबल्यास त्या कुरकुरतात. हा त्यांचा दोष मानून त्या ‘सुधारायला’ घेणे म्हणजे त्यांचा काळ पुसून टाकणे.

‘स्लोली’नंतर अमेरिकेतल्या शेकडो वादकांना तो आवाज हवा होता आणि बिग्सबीकडे रांग होती. म्हणून लोकांनी आपल्याच बिनपेडलच्या गिटारींना पेडल्स बसवून घेतली. कुणी मेकॅनिककडून, कुणी शेजारच्या वेल्डरकडून, कुणी घरच्या गॅरेजमध्ये. फेंडर, रिकनबॅकर, नॅशनल अशा नावांच्या गिटारींखाली हाताने कापलेल्या लोखंडी पट्ट्या, शेतीच्या अवजारांच्या स्प्रिंगा आणि भोके पाडून बसवलेले खटके सापडतात ते यामुळे. खरा चाकोरीबाहेरचा संग्रह इथे सुरू होतो. विक्रेते अशा वाद्याला ‘बिघडवलेली फेंडर’ म्हणून कमी भाव लावतात. मला त्यात एका अनाम कारागिराने एकट्याने सोडवलेला प्रश्न दिसतो. काम नीटनेटके असेल, यंत्रणा चालू असेल, तर ते वाद्य जसेच्या तसे ठेवण्यालायक आहे.

फेंडरने स्वतःची पेडल स्टील काढली ती १९५७-५८च्या सुमारास. ‘४००’ म्हणजे एक गळा, आठ तारा, चार पेडल्स. ‘१०००’ म्हणजे दोन गळे, प्रत्येकी आठ तारा आणि साधारण आठ पेडल्स. या गिटारींच्या पोटात सळया नसतात. सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्या पोलादी केबल्स कप्प्यांवरून चेंजरपर्यंत जातात आणि त्यांची टोके आकड्यांनी अडकवलेली असतात. आकडा काढून दुसरीकडे अडकवला की कोपेडंट बदलला, हत्यारही लागत नाही. ही सोय फार पुढची होती. सुरुवातीच्या गिटारींची तारलांबी साडेचोवीस इंच, नंतरच्यांची तेवीस. हातात फूटपट्टी असली की काळाचा पहिला अंदाज येतो. १९६४ मध्ये दहा तारांच्या ‘८००’ आणि ‘२०००’ आल्या. पण तोवर कंट्री संगीताचे केंद्र असलेले नॅशव्हिल पुढे गेले होते, आणि फेंडरकडे ‘केबलवाली’ म्हणून दुर्लक्ष झाले. त्याच दुर्लक्षित ‘४००’वर फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या स्नीकी पीट क्लाइनो यांनी स्वतःची वेगळी जुळणी लावून जे वाजवले, ते ऐकले की वाद्याची किंमत फॅशनवर ठरवू नये हे पटते. जुन्या फेंडर स्टील गिटारी केवळ बटणे, पोटेन्शियोमीटर आणि पिकअप काढून दुसऱ्या महागड्या फेंडर गिटारींना बसवण्यासाठी मोडल्या गेल्या, याचे मला मनापासून दुःख वाटते. आज केबल, आकडे आणि कप्प्यांसह पूर्ण फेंडर दिसली तर तिला तशीच राहू द्या.

नॅशव्हिलची कथा दोन नावांची. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात शो-बड कंपनी सुरू केली. पहिल्या काळातल्या ‘पर्मनंट’ गिटारींत पेडलने कोणती तार हलवायची हे बांधणीतच ठरलेले असे. नंतरच्या ‘फिंगरटिप’मध्ये ते वरून बदलता येऊ लागले. मग ‘प्रोफेशनल’, ‘प्रो वन’, ‘प्रो टू’, ‘प्रो थ्री’, ‘सुपर प्रो’ अशी मालिका झाली. पट्टीवर बदाम, किलवर, इस्पिक, चौकट ही पत्त्यांची चिन्हे असतात, आणि ती पाहून लोक भुलतात. क्रमांकांवरून शो-बडचे वर्ष नेमके काढणे कठीण. त्यापेक्षा खटके पाहावेत. दात्यांच्या पट्टीवर बसवलेले बॅरल असतील तर वाद्य साठच्या दशकाच्या अखेरचे किंवा सत्तरच्या सुरुवातीचे. पेटीचा पुढचा काठ गोल असेल तर ती सत्तरच्या दशकाच्या पहिल्या भागातली, चौकोनी असेल तर नंतरची. शेवटच्या काळात पांढऱ्या, ठिसूळ ओतीव धातूचे भाग वापरले गेले, ते तडकतात. तरफांच्या सांध्यांवर भिंग लावून केसाएवढी भेग शोधावी. ‘मॅव्हरिक’ ही एक गळा, तीन पेडल्स आणि एका नी-लिव्हरची विद्यार्थी गिटार आहे. आधीची मेपलची, नंतरची चिकटकागद लावलेली. केवळ शो-बड नाव आहे म्हणून नंतरच्या मॅव्हरिकला मोठे पैसे देऊ नयेत. उलट स्टीलवादक लॉइड ग्रीन यांच्या नावाची ‘एलडीजी’ मिळाली तर मुद्दाम पाहावी. दुहेरी पेटीवर एकच गळा आणि दुसऱ्याच्या जागी हात टेकवायची गादी, अशी ही रचना वादकाच्या गरजेतून आलेली आहे.

बडी एमन्स यांनी १९६२ मध्ये ई नाइन जुळणीत दोन तारा वाढवल्या आणि आठ तारांचा गळा हळूहळू मागे पडला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शो-बडमधून बाहेर पडले आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनला एमन्स कंपनी उभी राहिली. तिची ‘पुश-पुल’ यंत्रणा या क्षेत्रातला सर्वांत चर्चेचा विषय आहे. सूर चढवायला सळई ओढते, उतरवायला ढकलते. आजच्या बहुतेक गिटारींत ‘ऑल-पुल’ पद्धत असते. तिथे चढवणे आणि उतरवणे दोन्ही ओढूनच होते, बोट दोन भागांचे असते आणि जुळणी टोकाच्या नायलॉनच्या नटांवर होते. पुश-पुलमध्ये बोट टेकून घट्ट बसते म्हणून सूर अधिक भरीव येतो, असे तिचे चाहते सांगतात. ती जुळवायला किचकट आहे हे तेही मान्य करतात. मी हा आवाज प्रत्यक्ष समोर बसून ऐकला आहे आणि चाहत्यांच्या बाजूचा आहे. गळ्याचे व चेंजरचे टोक कसे बसवले आहे यावरून ‘बोल्ट-ऑन’, ‘रॅपअराउंड’, ‘कट-टेल’ अशी उपनावे पडली आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. क्रमांकाच्या शेवटी डी असेल तर दुहेरी गळा, एस असेल तर एकेरी. पुश-पुल विकत घेताना एकच धोका कायम मनात ठेवावा : कुणीतरी सोयीसाठी आतली यंत्रणा काढून ऑल-पुल बसवलेली असू शकते. बाहेरून काहीच कळत नाही. टोकाच्या पट्टीतील भोकांची रचना आणि खालचे खटके पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

याच काळात दोन गळे, दहा-दहा तारा, पुढच्या गळ्यावर ई नाइन जुळणी, मागच्यावर सी सिक्स्थ, आठ पेडल्स आणि चार-पाच नी-लिव्हर असा साचा पक्का झाला. त्याच्या बाहेरचे जे जे, ते आज ‘अनयुजुअल’ या सदरात मोडते. नी-लिव्हरचे श्रेय ज्यांना बहुतेक वेळा दिले जाते त्या झेन बेक यांची ‘झेडबी’ त्यात अग्रभागी आहे. नंतर टॉम ब्रमली यांनी ती कंपनी चालवली. १९७०च्या ‘टीच युअर चिल्ड्रन’ गाण्यात रॉक गिटारवादक जेरी गार्सियाने वाजवलेली गिटार झेडबीच होती, आणि तेवढ्याने तिचा भाव चढा राहतो. साउथ कॅरोलिनाच्या ‘मार्लेन’मध्ये ओढून सोडण्याची, म्हणजे ‘पुल-रिलीज’ पद्धत मिळते. डॅलसच्या ‘एमएसए’चे मॉरिस अँडरसन यांनी एकाच बारा तारांच्या गळ्यात दोन्ही गळ्यांचे काम करणाऱ्या युनिव्हर्सल जुळणीचा सतत पुरस्कार केला. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या गिटारी भक्कम आहेत आणि त्यांच्या दर्जाच्या मानाने अजूनही स्वस्त आहेत. ओरेगॉनची सिएरा, स्टीलवादक पॉल फ्रँकलिन यांच्या वडिलांची फ्रँकलिन, जपानमधली मित्सुओ फुजी यांची एक्सेल, या प्रत्येकाने आपली वाट शोधली.

संग्राहकांचे लक्ष नॅशव्हिलवर इतके खिळलेले असते की बाकीचे जग सुटते. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड चर्चमधल्या कृष्णवर्णीय वादकांची ‘सेक्रेड स्टील’ परंपरा पेडल स्टीलवर भजन-कीर्तनाचा जोर आणते. याच परंपरेतले रॉबर्ट रँडॉल्फ तेरा तारांची गिटार वाजवतात. नायजेरियाच्या किंग सनी अडे यांच्या १९८२च्या ‘जुजू म्युझिक’मध्ये डेमोला अडेपोजू यांची पेडल स्टील आहे. या परंपरांत वापरलेल्या गिटारींत नॅशव्हिलच्या साच्यात न बसणारे कोपेडंट असतात. अशी गिटार हाती आली आणि नवीन मालकाने ती लगेच रूढ जुळणीवर आणली, तर वाद्य शिल्लक राहते पण त्यावरचे संगीत कायमचे हरवते. म्हणून खालचा एकही स्क्रू फिरवण्याआधी प्रत्येक पेडल आणि प्रत्येक तरफ दाबून, कोणती तार किती हलते ते कागदावर उतरवावे. माझ्या दृष्टीने संग्राहकाचे हे पहिले कर्तव्य आहे.

वर्ष काढायचे झाले तर विजेचे भाग मदतीला येतात. आवाजाच्या किंवा टोनच्या पोटेन्शियोमीटरच्या पाठीवर एक आकडा ठोकलेला असतो. समजा तो ३०४६३२० आहे. पहिले तीन आकडे उत्पादकाचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा भाग १९६३च्या विसाव्या आठवड्यात तयार झाला. आकडा सहा अंकी असेल तर वर्षाचा एकच अंक असतो आणि दशक इतर खुणांवरून ठरवावे लागते. मात्र यावरून मिळते ती वाद्याची सर्वांत आधीची शक्य तारीख. भाग दुकानात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, नंतर बदललेलाही असू शकतो. म्हणून सांध्यांवरचे डाख तपासावेत. जुना डाख मंद आणि सलग दिसतो. नवा डाख चकाकतो, आणि शेजारी जळलेल्या फ्लक्सचा डाग असतो. पिकअप पुन्हा गुंडाळला असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. आवाज चांगला असेल तर मी त्यावरून व्यवहार मोडणार नाही, पण भाव मात्र त्या हिशेबानेच द्यावा.

दुरुस्तीचा अंदाज घेण्यासाठी वाद्य उभे करून, तारा लावून पाहणेच खरे. चेंजरच्या बोटांवर तारेने खोबणी पाडलेली असते. ती घासून साफ करता येते, पण फार खोल गेली असेल तर नाही. तिसरी तार अकरा हजारांश इंचाची असते. बोटावर खरखर असेल तर ती पुन्हापुन्हा तुटते, ही चाचणी घरीही करता येते. मग ‘कॅबिनेट ड्रॉप’ पाहावा. पेडल दाबले की पेटी किंचित वाकते आणि ज्या तारांशी त्या पेडलचा संबंध नाही त्याही थोड्या उतरतात. ट्यूनर लावून हे मोजता येते. जुन्या गिटारींत थोडा ड्रॉप असणारच, पण फार असेल तर पेटीचे सांधे सुटले आहेत असे समजावे. पाय, पेडलची पट्टी, उभ्या सळया आणि मूळ केस मिळतात का, हेही पाहावे. पायांचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात, आणि हरवलेला एक पाय जुळवायला वर्षे जातात. काही वादकांनी आपल्या उंचीप्रमाणे पाय आणि सळया कापून घेतलेल्या असतात, तेही मोजावे.

बदलांविषयी माझी भूमिका मधली आहे. पूर्वीच्या मालकाने दोन-तीन नी-लिव्हर जादा बसवून घेतले असतील तर त्यात गैर काही नाही. त्या काळात सगळेच वादक तसे करत आणि तो वाद्याच्या आयुष्याचा भाग आहे. उलटवता येईल असा नवा बदलही चालेल. पण लाकूड तासून नवे पॉलिश, टोकाच्या पट्ट्या बदलणे, पुश-पुलचे ऑल-पुल करणे हे मला मान्य नाही. गिटार काचेच्या कपाटात ठेवून न वाजवणे हेही तितकेच चूक आहे. या यंत्रणेला हालचाल लागते. वर्षानुवर्षे न हललेले आस जाम होतात, जुने तेल चिकट होऊन बोटे मधेच अडकतात आणि तार मूळ सुरावर परत येत नाही.

भारतात अशी गिटार आणू पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दोन गळ्यांची गिटार केससह तीस-पस्तीस किलोपर्यंत जाते, तेव्हा वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून होणारा खर्च वाद्याच्या किमतीइतकाच डोळ्यांसमोर ठेवावा. गिटारच्या पिकअपला वीज लागत नाही, त्यामुळे तिला ट्रान्सफॉर्मर नको. अमेरिकन ॲम्प्लिफायरला मात्र हवाच. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात पोलादी सळया गंजतात, ॲल्युमिनियमवर पांढरे पापुद्रे येतात आणि मायका चढवलेल्या पेटीचे थर सुटू लागतात. जून ते सप्टेंबर केसमध्ये सिलिका जेल ठेवावे आणि आठवड्यातून एकदा वाद्य उघडून प्रत्येक पेडल हलवावे. दहा तारांचा ई नाइन संच इथे सहज मिळत नाही, त्याचे दोन-चार जोड जादाच मागवावेत.

आता निवड. नव्या संग्राहकाला मी पहिल्यांदा सत्तरच्या दशकातली एमएसए सुचवेन, कारण ती वाजवता वाजवता यंत्रणा शिकता येते. दुसरी, केबल पूर्ण असलेली फेंडर ‘४००’ किंवा ‘१०००’. तिसरी, मल्टी-कॉर्ड किंवा घरगुती पेडल्स बसवलेली अनाम गिटार, कारण ती वाचवायला दुसरे कोणी पुढे येणार नाही. एमन्स पुश-पुल आणि चांगली शो-बड यांना गिऱ्हाईक नेहमीच मिळते, त्यांची काळजी करायला नको. एकेका तालुक्याएवढ्या गावात पाच-दहा गिटारी घडवून गेलेल्या कारागिरांच्या वाद्यांची काळजी करायला हवी. त्यांच्या नोंदी कुठल्याही दप्तरात नाहीत. त्या वाद्याच्या पोटातच आहेत.

तेव्हा कुठलीही जुनी पेडल स्टील गिटार विकत घेण्याआधी खालच्या बाजूची छायाचित्रे मागा, विक्रेता ती द्यायला कां-कूं करत असेल तर व्यवहार सोडा. गिटार घरी आली की कोपेडंट लिहून काढा, पोटेन्शियोमीटरचे आकडे टिपा, आणि दुरुस्तीत जो जो भाग काढाल, तो तडकलेला असला तरी, कापडी पिशवीत घालून चिठ्ठीसह त्याच केसमध्ये ठेवा.